इकॉनॉमिकल रिफॉर्म : ब्रिटनमधील राज्यकारभार-सुधारणेची चळवळ (१७७९–१७८७)

इकॉनॉमिकल रिफॉर्म हे अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनच्या पार्लमेंटमध्ये आणि परगण्यांमध्ये चाललेल्या एका सुधारणा-चळवळीचे नाव आहे. राजाच्या हाती असलेली बिनकामाची पगारी पदे, निवृत्तिवेतने आणि सरकारी कंत्राटे कमी करावीत आणि पार्लमेंटच्या सदस्यांना मिंधे करण्याचे दरबाराचे साधन काढून घ्यावे, हा तिचा हेतू होता. मराठीत तिला नुसते ‘आर्थिक सुधारणा’ म्हटल्यास गैरसमज होतो; कारण येथे प्रश्न व्यापाराचा किंवा उत्पादनाचा नव्हता, काटकसरीचा होता. किंबहुना काटकसरही साधनापुरतीच होती. वाचणाऱ्या पैशापेक्षा त्या पैशाने मिळवली जाणारी मते थांबवणे सुधारकांना अधिक महत्त्वाचे वाटत होते.

त्या काळी कॉमन्स सभेत, म्हणजे पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात, ५५८ सदस्य होते. मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स यांसारख्या वाढत्या शहरांना स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. उलट एकट्या कॉर्नवॉल परगण्यातून ४४ सदस्य निवडून येत. विल्टशरमधील ओल्ड सेरम येथे तर वस्तीच उरली नव्हती, तरी जुन्या हक्काने तेथून दोन सदस्य जात आणि निवडणुकीच्या दिवशी मूठभर मतदार उघड्या माळावर जमून ती पार पाडत. तथापि १७८० च्या सुमारास बहुसंख्य टीकाकारांचा रोख या विषम प्रतिनिधित्वापेक्षा ‘राजसत्तेच्या प्रभावा’वर होता. तिसरा जॉर्ज १७६० मध्ये गादीवर आला तेव्हा त्याने वंशपरंपरागत उत्पन्नाच्या बदल्यात वर्षाला ८ लाख पौंडांची नेमणूक स्वीकारली होती. ‘सिव्हिल लिस्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रकमेतून राजवाड्याचा खर्च भागे, तसेच न्यायाधीश, राजदूत आणि अनेक अधिकाऱ्यांचे पगारही निघत. ती पुरेना म्हणून १७६९ आणि १७७७ मध्ये पार्लमेंटला राजाचे कर्ज फेडावे लागले आणि १७७७ मध्ये नेमणूक ९ लाखांवर न्यावी लागली. हा पैसा नेमका कोठे जातो याचा जाब विचारण्याची सोय मात्र नव्हती, आणि ज्यांनी तो विचारायचा त्यांतलेच अनेकजण त्या यादीवर पोसले जात होते.

अमेरिकेतील युद्ध लांबत गेले, जमीन-महसुलाचा बोजा वाढला आणि लॉर्ड नॉर्थ यांचे सरकार मात्र हलेना, तेव्हा असंतोष परगण्यांत उतरला. ख्रिस्तोफर वायव्हिल या जमीनदार धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने ३० डिसेंबर १७७९ रोजी यॉर्क येथे सभा भरली. तेथे ठरलेल्या अर्जावर आठ हजारांहून अधिक सह्या झाल्या आणि ८ फेब्रुवारी १७८० रोजी सर जॉर्ज सॅव्हिल यांनी तो कॉमन्स सभेत सादर केला. पाठोपाठ वीसहून अधिक परगण्यांतून अर्ज आले. या संघटनेला केवळ अर्ज करून थांबायचे नव्हते. कायम समित्या, परस्पर पत्रव्यवहार आणि उमेदवारांकडून वचन घेण्याची पद्धत तिने बसवली. सभागृहाबाहेरच्या लोकांनी सभागृहावर सतत नजर ठेवावी ही कल्पना तोवर ब्रिटिश राजकारणात रुळलेली नव्हती, म्हणून यॉर्कशरच्या या अर्जाला त्यातील मागण्यांहूनही मोठे स्थान द्यावे लागते.

तीनच दिवसांनी, ११ फेब्रुवारी १७८० रोजी, विरोधी पक्षाचे सदस्य एडमंड बर्क यांनी आपली योजना मांडली. राजवाड्याचा कारभार जुन्या सरंजामी घरासारखा कसा राहिला आहे हे त्यांनी एकेका खात्याचे नाव घेऊन दाखवले : जवाहिरखाना, वस्त्रागार, बांधकाम खाते, ‘ग्रीन क्लॉथ’चे (राजवाड्याच्या हिशेब खात्याचे) कारकून, प्रत्येकाचा वेगळा खजिनदार, वेगळे हिशेबनीस, आणि काम एकाचेच. त्यांनी दिलेला एक दाखला तर फारच बोलका आहे. राजवाड्याचे व्यवस्थापक लॉर्ड टॅलबट यांनी पूर्वी मुदपाकखान्याचा खर्च आवरण्याचा प्रयत्न केला होता, तो फसला. कारण राजाच्या स्वयंपाकघरात मांस भाजण्याची सळई फिरवण्याच्या पदाचा मानकरी पार्लमेंटचा सदस्य होता. सळई फिरवणारा हात वेगळा, पगार घेणारा हात वेगळा आणि तोच हात सभागृहात सरकारच्या बाजूने वर होणार, हे सगळे दुखणे त्या एका पदात सामावलेले आहे. व्यापार मंडळ तर सदस्यांची सोय लावण्यापुरतेच उरले आहे, असा बर्क यांचा आरोप होता. इतिहासकार एडवर्ड गिबन हे त्या वेळी कॉमन्सचे सदस्य होते आणि या मंडळावरही पगारी नेमणुकीने बसलेले होते. आपलेच पद उडवू पाहणारे हे भाषण त्यांनी मन लावून ऐकले आणि पुढे त्याची मनापासून प्रशंसाही केली.

मंडळ बरखास्त करण्याचे कलम १३ मार्च रोजी २०७ विरुद्ध १९९ मतांनी संमत झाले. ६ एप्रिलला जॉन डनिंग यांचा ठराव आला : राजसत्तेचा प्रभाव वाढला आहे, वाढत आहे आणि तो कमी झाला पाहिजे. तो २३३ विरुद्ध २१५ मतांनी मंजूर झाला. मात्र तत्त्वाला दिलेले मत तपशिलाच्या वेळी टिकले नाही. बर्क यांचे विधेयक समितीत खिळखिळे झाले. जूनमध्ये लंडनमध्ये कॅथलिकांविरुद्ध गॉर्डन दंगली उसळल्या, लोकचळवळीचीच अनेकांना धास्ती वाटू लागली आणि सप्टेंबरच्या निवडणुकीनंतर नॉर्थ सत्तेवर कायम राहिले.

ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउन येथे ब्रिटिश सैन्य शरण गेले आणि मार्च १७८२ मध्ये नॉर्थ पायउतार झाले. त्यानंतरच्या रॉकिंगहॅम मंत्रिमंडळाने सुधारणेची अट राजाकडून आधीच कबूल करून घेतली होती. रॉकिंगहॅम १ जुलैला वारले. त्यांच्या या अल्पकाळात विधेयके मार्गी लागली. क्लर्क यांच्या कायद्याने सरकारी कंत्राटदारांना कॉमन्सची दारे बंद केली. क्रू यांच्या कायद्याने जकात, अबकारी आणि टपाल खात्यांतील नोकरांचा मताधिकार काढून घेतला. लहान बरोंमध्ये (शहरी मतदारसंघांत) हे नोकर सरकार सांगेल तेथे मत देत आणि अशा ७० बरोंचा निकाल त्यांच्या हाती असल्याचे रॉकिंगहॅम यांचे म्हणणे होते. गरीब नोकराचा हक्क काढून त्याच्या वरिष्ठाला आवरण्याचा हा उपाय अन्यायाचाच होता आणि तो हक्क त्यांना १८६८ मध्ये परत मिळाला. बर्क यांच्या स्वतःच्या कायद्याने व्यापार मंडळ, वसाहतींचे मंत्रिपद आणि इतर पदे धरून १३४ जागा रद्द केल्या आणि निवृत्तिवेतनांना मर्यादा घातली. वार्षिक बचत त्यांच्या हिशेबाने सुमारे ७२ हजार पौंडांची होती. याच वर्षी कारभाराची वाटणी होऊन गृह खाते आणि परराष्ट्र खाते अस्तित्वात आले.

यांपैकी सर्वांत दूरगामी बदल लष्कराच्या पगारखात्यातला मानावा लागेल. पेमास्टर जनरलच्या ताब्यात येणारी शिल्लक त्याच्या खाजगी खात्यात राहत असे आणि तिचे व्याजही तोच खात असे. हेन्री फॉक्स यांनी युद्धकाळात या पदावर प्रचंड संपत्ती जोडली, आणि पद सोडल्यावरही त्यांचे हिशेब वर्षानुवर्षे मिटले नाहीत. १७८२ मध्ये हे पद बर्क यांच्याकडे आले आणि त्यांनी कायद्यानेच स्वतःचे हात बांधून घेतले : रक्कम बँक ऑफ इंग्लंडमध्ये राहील, ठरल्या कामासाठीच काढली जाईल आणि पेमास्टरला ४ हजार पौंडांचा ठोक पगार मिळेल.

पुढचे काम गाजावाजा न होता झाले. नॉर्थ यांनीच १७८० मध्ये पार्लमेंटबाहेरच्या व्यक्तींचा एक हिशेब तपासणी आयोग नेमला होता. त्याचे अहवाल पुढे पंतप्रधान झालेल्या धाकट्या पिट यांनी हाताशी धरले. १७८४ मध्ये चहावरील जकात शेकडा ११९ वरून साडेबारावर आणून त्यांनी चोरट्या आयातीचे कंबरडे मोडले आणि १७८७ मध्ये सर्व महसूल एका ठिकाणी आणणारा एकत्रित निधी स्थापन केला. भारताच्या संविधानातील एकत्रित निधीची कल्पना याच परंपरेतली आहे. प्रतिनिधित्वाच्या बाबतीत मात्र पिट हरले. ३६ ओसाड बरोंना भरपाई देऊन त्यांच्या जागा परगण्यांना आणि लंडनला द्याव्यात ही त्यांची सूचना १८ एप्रिल १७८५ रोजी २४८ विरुद्ध १७४ मतांनी फेटाळली गेली. मतदारसंघ ही मालकाची मालमत्ता असल्याचे या भरपाईच्या प्रस्तावातच गृहीत धरलेले होते.

याच वर्षांत महाराष्ट्रातील घडामोडींचेही पडसाद कॉमन्स सभेत उमटले. १७७३ च्या नियामक कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतील अधिकाऱ्यांना युद्ध आणि तह यांबाबत कलकत्त्याच्या अधीन केले होते. तरी त्यांनी १७७५ मध्ये राघोबादादांशी परस्पर सुरतेचा तह केला आणि त्यातून इंग्रज-मराठे युद्ध पेटले. २८ मे १७८२ रोजी, सालबाईचा तह होऊन अकरा दिवस लोटले असताना आणि त्याची वार्ता लंडनला पोचलेली नसताना, हेन्री डंडस यांच्या ठरावाने सभागृहाने गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि मुंबईचे गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्यावर ठपका ठेवला. १७८३ चे चार्ल्स जेम्स फॉक्स (हेन्री फॉक्स यांचे पुत्र) यांचे भारतविषयक विधेयक मुख्यतः नेमणुकांच्या प्रश्नावरच कोसळले : कंपनीच्या हिंदुस्थानातील नोकऱ्या वाटण्याचा अधिकार मंत्र्यांच्या माणसांकडे गेला, तर जे १७८२ मध्ये पुढच्या दाराने घालवले तेच मागच्या दाराने परत येईल, अशी भीती होती. म्हणून पिट यांच्या १७८४ च्या कायद्याने धोरण सरकारच्या नियंत्रण मंडळाकडे घेतले आणि नोकऱ्या कंपनीच्या संचालकांकडेच ठेवल्या.

जुनी पदे रद्द करताना सुधारकांनी एक पथ्य कसोशीने पाळले. एक्सचेकरमधील (सरकारी खजिन्यातील) मोठी पदे वतनासारखी तहहयात दिलेली असत. त्यांच्या चालू धारकांना हात लावायचा नाही, ते वारले किंवा निवृत्त झाले की पद संपवायचे, असे ठरले. त्यामुळे खाचा पाडलेल्या लाकडी काठ्या उभ्या चिरून पावतीचा अर्धा भाग धनकोला देण्याची मध्ययुगीन रीत १७८३ च्या कायद्याने मोडीत निघाली तरी प्रत्यक्षात ती १८२६ पर्यंत चालू राहिली. साठलेल्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी उमराव सभेच्या तळघरातील भट्ट्यांत जाळण्यात आल्या. त्या भट्ट्यांची आग धुराड्यांतून वर पसरली आणि रात्रीतून वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा बहुतांशी दोन्ही सभागृहांसह बेचिराख झाला.