वॉटलवर तपकिरी गाठी आल्यात? आधी हे वाचा

मेलबर्नमध्ये ऑगस्ट लागला की वॉटलची झाडं पिवळीधमक होतात आणि आमचे फोन सुरू होतात: "फांदीला बटाट्यासारखं काहीतरी लागलंय, किडे आहेत का हो?"

किडे नाहीत. हा तांबेरा आहे, गव्हावर पडतो त्याच गोतातला. या बुरशीचं नाव युरोमायक्लॅडियम. वॉटल आपल्या बाभळीच्या नात्यातलं झाड. ही बुरशी त्याच्या कोवळ्या फांदीत शिरते आणि तिथल्या पेशी भलत्याच वाढू लागतात. ताजी गाठ हिरवट असते, पुढे चॉकलेटी होते. पिकल्यावर बोट फिरवा, दालचिनीच्या पुडीसारखी भुकटी लागेल. ते बीजाणू, वाऱ्यावर उडून दुसऱ्या वॉटलवर जातात. जुन्या गाठीत अळ्या सापडतात खऱ्या, पण त्या मागाहून आलेल्या भाडेकरू.

गाठ गुळगुळीत, हिरवी, भुकटी नसलेली असेल आणि कापल्यावर आत कप्पे दिसले, तर ते एका बारीक गांधीलमाशीचं काम. लिंबाच्या फांदीवर फुगवटे आले असतील तर तीही माशीच, पण वेगळी. त्याचा दोष वॉटलला देऊ नका. हा तांबेरा लिंबावर, गुलाबावर किंवा कढीपत्त्यावर जात नाही.

झाड मरतं का? दोन-चार गाठींनी नाही. पण दरवर्षी गाठी वाढत गेल्या तर झाड खंगतं. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात ऑस्ट्रेलियातून नेलेलं एक वॉटल इतकं माजलं, की १९८७ साली तिथे हाच गाठीचा तांबेरा मुद्दाम सोडला. त्याने ती झाडं खरोखर कमी केली.

आमची पद्धत साधी आहे. वारा नसलेल्या कोरड्या दिवशी गाठीवर आधी पिशवी चढवायची, मग गाठीच्या बरंच खाली निरोगी लाकडात फांदी कापायची. पिशवी बांधून थेट कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. गाठ हिरवट असतानाच बोलावलंत तर काम निम्मं होतं. "फवारा मारून टाका" असं बरेच जण म्हणतात. आम्ही मारत नाही, कारण गाठ तयार झाल्यावर फवाऱ्याने ती जात नाही, पैसे मात्र जातात.

गाठी मुख्य खोडावर असतील तर झाड काढा असंच आम्ही सांगू. बागेतली बरीचशी वॉटल तशीही दहा-वीस वर्षांचीच सोबत करतात. बघायला येण्याचे पैसे घेत नाही. फोटो पाठवलात तरी चालेल, फक्त गाठ कापून आतला भागही दाखवा.