स्क्रू मणके जोडत नाहीत

"कमरेत स्क्रू-पट्टी टाकली, आता मणका पक्का झाला." फ्यूजनचं, म्हणजे दोन मणके एकमेकांना जोडण्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण हेच सांगून जातो. एक्स-रेत चार स्क्रू आणि दोन दांड्या ठळक दिसतात, पायात उतरणारी कळ थांबलेली असते, मग शंका कशाला घ्यायची? पण ऑपरेशन संपतं त्या दिवशी मणके जुळलेले नसतात. जोडणी हाडाला करायची असते आणि तिला सहा महिने ते वर्ष लागतं. धातू फक्त तेवढा वेळ मिळवून देतो.

अडचण होते ती शेतीच्या वेळापत्रकामुळे. उन्हाळ्यात वावर रिकामं, म्हणून ऑपरेशन एप्रिल-मेमध्ये उरकायचं ठरतं. दीड-दोन महिन्यांत दुखणं बरंच ओसरतं, आणि तेव्हाच निंदण-डवरण सुरू झालेलं असतं. कास्तकाराला वाटतं, आपण बरे झालो. हाड मात्र तेव्हा कच्चंच असतं.

आत नेमकं काय केलेलं असतं ते पाहू. बहुतेक वेळा कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली किंवा पाचव्याच्या खालची गादी काढतात. वरच्या-खालच्या मणक्यावरचं कूर्चेचं अस्तर रक्त पाझरेपर्यंत खरवडतात, कारण कूर्चेवर हाड धरत नाही. मधल्या जागेत केज, म्हणजे एक पोकळ डबीसारखा आधार बसवतात आणि तिच्यात पेशंटच्याच हाडाचा चुरा भरतात. मागून साधारण ६.५ मिलिमीटर जाडीचे, ४० ते ५० मिलिमीटर लांबीचे टायटॅनियमचे स्क्रू आणि ५.५ मिलिमीटरच्या दांड्या. हे टायटॅनियम गंजत नाही.

संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बांधतात तेव्हा प्लास्टिकची पट्टी डोळा जगवत नाही, तो जीव धरेपर्यंत हलू देत नाही. स्क्रूंचं कामही तेवढंच आहे.

न हलणं इतकं महत्त्वाचं का, हा या विषयातला सगळ्यात सुंदर भाग. भरून येणाऱ्या फटीतल्या पेशी आपण काय बनायचं हे आजूबाजूच्या ताणावरून ठरवतात. स्विस सर्जन स्टीफन पेरेन यांनी मोडलेल्या हाडांसाठी त्याचं गणित मांडलं. फटीतली हालचाल भागिले फटीची रुंदी, म्हणजे विकृती. ती साधारण २ टक्क्यांच्या आत राहिली तर हाड बनू शकतं. २ ते १० टक्क्यांत कूर्चा तयार होते. त्याहून जास्त झाली तर नुसती तंतूंची मऊ ऊती. आता ५ मिलिमीटरची फट धरा. तिचे २ टक्के म्हणजे ०.१ मिलिमीटर. बाहेरून डोळ्यांना न दिसणारी एवढीशी हालचाल पुन्हापुन्हा होत राहिली तरी पेशींचा बेत बदलतो आणि हाडाऐवजी खोटा सांधा तयार होतो. मग सगळा भार धातूवरच राहतो. धातूला स्वतःला दुरुस्त करता येत नाही. हजारो वेळा वाकला की स्क्रूभोवतीचं हाड झिजून एक्स-रेत काळी कडा दिसते, नाहीतर दांडी तुटते.

मग बाजेवर पडूनच राहावं का? नाही. १८९२ साली जर्मन सर्जन ज्युलियस वोल्फ यांनी मांडलेला नियम आहे : भार पडतो तिथे हाड घट्ट होतं, भार काढला की विरतं. म्हणून चालायचं, पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून, थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. सरळ उभ्या भाराने केजमधला चुरा दाबला जातो, ते हवंच असतं. वाकणं, पिळणं, उचलणं यांनी फट उघडते, ते नको. १९९९ साली जर्मनीत एका निरोगी माणसाच्या गादीत दाबमापक बसवून मोजणी झाली : उताणं झोपल्यावर ०.१ मेगापास्कल, उभं असताना ०.५, पाठ वाकवून २० किलो उचलताना २.३.

घरातलं बघू. दोरीची किंवा नवारीची बाज मधे खोल जाते. तख्तावर गादी टाकून झोपावं. उठताना गुडघे दुमडून खांदा आणि कंबर एकदमच कुशीवर वळवायची, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देत बसायचं. संडासात खुर्ची-कमोड ठेवावं. उकिडवं बसणं पहिले तीन महिने तरी टाळावं. जेवणाचं ताट जमिनीवरून टेबलावर आणावं. उचलायचं ते चार-पाच किलोपर्यंतच, म्हणजे पाण्याचा भरलेला गुंड बाद. टाके साधारण १२ ते १४ दिवसांनी निघतात. जखम पूर्ण भरेपर्यंत नदी-विहिरीत उतरायचं नाही.

आता खर्रा, म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेली पुडी. डॉक्टर विचारतात, "सिगारेट ओढता का?" उत्तर येतं, "नाही जी." खरंच असतं ते, फक्त खिशात खर्ऱ्याची पुडी असते. हाडाला निकोटिन कुठून आलं याच्याशी देणंघेणं नाही. खर्ऱ्यातल्या चुन्यामुळे तर ते गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने शोषलं जातं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि नव्या फुटायला अडथळा येतो. रक्त पोचलं नाही तर चुऱ्यातल्या पेशी मरतात. १९९५ च्या एका प्रयोगात निकोटिन दिलेल्या एकाही सशाचे मणके जुळले नाहीत, न दिलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त सशांचे जुळले. ऑपरेशनआधी काही आठवडे आणि नंतर निदान सहा महिने खर्रा बंद, यात तडजोड नाही. वाढलेली साखर आणि ड जीवनसत्त्वाची कमतरताही जोडणी लांबवते. गावातल्या दवाखान्यात डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन घेण्याआधी सर्जनला विचारावं, कारण अशा गोळ्या-इंजेक्शनं हाड भरण्याची सुरुवातीची प्रक्रिया मंदावू शकतात.

उसण भरली की पायाळू माणसाकडून कंबरेला लाथ मारून घ्यायची पद्धत अजून आहे. साधी उसण बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय लाथेला जातं. फ्यूजन झालेल्या कंबरेवर तसलं काही कुणालाही करू देऊ नये. तोच न्याय बस स्टँडवरच्या "लेझरने ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी कामावर" या फलकांना. चिरा लहान घेतला तर स्नायूंना इजा कमी होते, हाडाला लागणारा वेळ तेवढाच राहतो.

लघवी अडली, बैठकीच्या जागी बधिरता आली किंवा पाऊल लुळं पडलं, तर सकाळची एसटी धरायची नाही. १०८ ला फोन लावून त्याच रात्री निघायचं. ताप, जखमेतून पू किंवा एका पोटरीला सूज असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

कामावर परतायचं ते एक्स-रे पाहून, महिना मोजून नाही. आधी धुऱ्यावरून फेरी, मग उभ्याने होणारी हलकी कामं. कापूस वेचणी लवकर नको : कमरेची ओटी भरत जाते तशी पुढे ओढते, शिवाय पऱ्हाटीच्या खालच्या बोंडांसाठी वाकून वळावं लागतं. फवारणीचा १६ लिटरचा पाठीवरचा पंप सगळ्यात शेवटी. भरला की २० किलोच्या आसपास जातो, तो उचलून खांद्यावर घेताना कंबर पिळते, आणि त्याचा खालचा काठ बरोबर टाक्यांच्या जागी टेकतो.