सदर्न गॉस्पेलमधील कुटुंबगट आणि त्यांच्या संगीताचे जतन

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, मुख्यतः श्वेतवर्णीय प्रोटेस्टंट समाजात, विसाव्या शतकाच्या आरंभी आकाराला आलेल्या भक्तिगीतांच्या परंपरेला सदर्न गॉस्पेल म्हणतात. चार पुरुषांची चौकडी ही तिची सर्वांत प्रसिद्ध तऱ्हा असली, तरी आईवडील आणि मुले मिळून गाणारे कुटुंबगटही तिच्यात फार पूर्वीपासून आहेत. आपल्या संगीतातल्या ‘घराण्या’सारखी ही गुरुशिष्यांची मालिका नसून शब्दशः एका घरातली माणसे होत.

या परंपरेचा पाया गीतपुस्तकांच्या विक्रीने घातला. टेनेसीतील लॉरेन्सबर्गचे प्रकाशक जेम्स व्हॉन यांनी १९१० मध्ये आपली पुस्तके खपावीत म्हणून एक पगारी चौकडी गावोगाव पाठवली. या पुस्तकांत सात स्वरांना त्रिकोण, चौकोन, वर्तुळ असे सात निरनिराळे आकार दिलेले असत. आपल्या सरगमप्रमाणेच षड्ज कोणत्याही पट्टीत धरता येत असल्याने शेतकरी कुटुंबेही थोड्या दिवसांच्या गायनवर्गात चार आवाजांचे गाणे वाचू लागत. अलाबामातील स्पीअर कुटुंबाचा गट १९२१ मध्ये सुरू झाला आणि १९९८ पर्यंत गात राहिला. टेक्सासमधील ‘चक वॅगन गँग’मध्ये वडील डी. पी. कार्टर, एक मुलगा व दोन मुली गात आणि साथीला बहुधा एकच गिटार असे. १९३६ पासून सुमारे चार दशकांत या गटाने ४०० च्या आसपास गाणी ध्वनिमुद्रित केली.

कार्टर कुटुंबासारखी मोठी ध्वनिमुद्रण कंपनी थोड्यांच्याच वाट्याला आली. इतर असंख्य गट स्वतःच्या पैशाने काही शे तबकड्या काढून घेत आणि चर्चमधील कार्यक्रमानंतर दाराजवळच्या टेबलावर विकत. बाजाराबाहेरची ही विक्री त्यांच्या टिकण्याचे रहस्य होती आणि तीच आज ग्रंथालयांची मुख्य अडचण आहे: जे दुकानात आले नाही, ते ग्रंथालयाच्या खरेदीयादीतही आले नाही. स्वस्त कागदावरची गीतपुस्तके तर नवे पुस्तक येताच बाजूला पडत. त्यामुळे संग्रह वाढतो तो प्रामुख्याने घरांतून आलेल्या खोक्यांनी. मर्फ्रीसबरो येथील मिडल टेनेसी स्टेट विद्यापीठात १९८५ मध्ये स्थापन झालेल्या लोकप्रिय संगीत केंद्राकडे अशा गीतपुस्तकांचा मोठा साठा आहे.

खोके उघडल्यावर खरे काम सुरू होते. रेडिओ कार्यक्रमांसाठी कापलेल्या, धातूच्या पत्र्यावर लॅकरचा लेप दिलेल्या तबकड्यांवर पांढरी भुकटी साचलेली असते, कारण लेपातील तेलकट द्रव्य कालांतराने पृष्ठभागावर येते. पुढे लेपच आक्रसून पत्र्यापासून सुटू लागला, की तबकडी वाजवणे जवळपास अशक्य होते. १९७० च्या दशकातील काही ध्वनिफिती दमट हवेने चिकट होतात. त्या पन्नासेक अंश सेल्सिअसच्या मंद उष्णतेत काही तास ठेवल्या, तर तात्पुरत्या वाजवण्याजोग्या होतात आणि तेवढ्या अवधीत त्यांची संगणकीय प्रत करून घ्यावी लागते. वेष्टनावर पुष्कळदा नुसती पहिली नावे असतात आणि सालाचा पत्ता नसतो. मग सूचिकार तबकडीच्या आतल्या कोऱ्या कड्यावर कोरलेला क्रमांक भिंगाने वाचून काळ ठरवतो. घरातल्या कोणा वृद्ध गायिकेने ‘ही धाकटी, लग्नाआधीची’ एवढे सांगितले, तर तेही नोंदीत लिहून ठेवावे, कारण असा पुरावा अन्यत्र मिळत नाही.

प्रत झाली तरी ती सर्वांना ऐकवता येतेच असे नाही. २०१८ च्या अमेरिकी कायद्यानुसार १९२३ ते १९४६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांना शंभर वर्षांचे स्वामित्वहक्काचे संरक्षण आहे. म्हणजे १९३० ची तबकडी २०३१ च्या आरंभी मुक्त होईल. १९५६ नंतरच्या, फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या तबकड्यांसाठी, म्हणजे कुटुंबगटांच्या भरभराटीच्या मोठ्या काळासाठी, ही मुदत २०६७ पर्यंत आहे.