डेट्रॉइट नदीत वॉलआय : मुलाबाळांसह येणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

मार्चअखेरीपासून मेच्या सुरुवातीपर्यंत ईरी सरोवरातले वॉलआय (गोड्या पाण्यातले शिकारी मासे) अंडी घालायला डेट्रॉइट नदीत वर चढतात. पाणी तेव्हा ४० ते ५० अंश फॅरनहाइट असतं. एवढ्या गारठ्यात मासा तळाशी बसून राहतो, आमिषामागे लांब धावत नाही. आमिष त्याच्या तोंडापाशीच न्यावं लागतं. म्हणून या मासेमारीत एकच गोष्ट सतत पाहायची: दोरी बोटीखाली सरळ उभी आहे ना?

जिग कसा हलवायचा

प्रत्येकाला सहा फुटी हलका रॉड आणि अर्धा ते पाऊण औंसाचा जिग, म्हणजे जड डोक्याचा गळ, मिळेल. त्यावर रबरी मासोळी किंवा खरी शायनर मासोळी लावलेली असते. खरी मासोळी असेल तर मागे एक छोटा जादा गळही असतो, कारण थंड पाण्यात मासा बऱ्याचदा शेपटीकडूनच तोंड लावतो. विणलेली दोरी ताणली जात नाही, त्यामुळे तळ हाताला लगेच कळतो.

जिग तळाला टेकला की सहा इंच उचला आणि दोरी ढिली न सोडता, सावकाश खाली न्या. जिग खाली जातानाच मासा तो तोंडात घेतो. जोरात हिसका बसत नाही. हलकी टिचकी लागते, नाहीतर जिग उचलताना नुसतंच जड लागतं. जड लागलं की लगेच रॉड वर घ्या. मुलांचा नेहमीचा घोळ म्हणजे रॉड दोन-दोन फूट उडवणं. त्यात जिग माशापासून लांब जातो आणि टिचकी कळतच नाही.

दोरी तिरकी व्हायला लागली तर आणखी दोरी सोडू नका, आम्हाला सांगा. बोट प्रवाहाच्या वेगाने वाहत ठेवायचं काम पुढच्या विजेच्या मोटरचं. दोरी उभी होईपर्यंत आम्ही बोट सावरतो किंवा जड जिग लावतो. तळाच्या दगडांत जिग अडकून तुटतातच, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

वारा आणि गढूळपणा

नदी दक्षिणेकडे वाहते. समोरून दक्षिणेचा जोरदार वारा आला की लाटा उभ्या राहतात आणि वारा बोटीला प्रवाहाबरोबर जाऊ देत नाही. अशा दिवशी लहान मुलं असलेली फेरी आम्ही पुढे ढकलतो. नदी जिथून निघते ते सेंट क्लेअर सरोवर वाऱ्याने ढवळलं की त्याचा गाळ खाली येतो, पाणी चहासारखं होतं आणि मासा लागणं जवळपास थांबतं. थोड्या गढूळ पाण्यात भडक पोपटी किंवा केशरी रंग चालतो. फारच गढूळ असेल तर तारीख बदलून घ्या, आम्ही आनंदाने बदलून देऊ.

लाइफ जॅकेट आणि कपडे

लाइफ जॅकेट सर्वांनी, मोठ्यांनीही, पूर्ण वेळ घालायचं. एवढ्या थंड पाण्यात पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्या मिनिटात आवरत नाही आणि दहाएक मिनिटांत हातपाय काम देईनासे होतात. पट्टीचं पोहणाऱ्यालाही हे चुकत नाही. मुलांचं जॅकेट वजनावर निवडतो, म्हणून बुकिंग करताना प्रत्येक मुलाचं वजन कळवा. कोट घातल्यावर त्यावर जॅकेट घालून खांद्यांना धरून वर उचलून पाहा. हनुवटी जॅकेटमध्ये गेली तर ते सैल आहे.

आतून सुती कपडे नकोत, ओले झाले की वाळत नाहीत. लोकरी मोजे, कानटोपी आणि प्रत्येक मुलासाठी कपड्यांचा एक कोरडा जोड आणा. बोटीवर शौचालय नाही, त्यामुळे मुलांसाठी चार तासांची फेरीच बरी. थर्मासमध्ये गरम चहा-दूध असू द्या.

परवाना

१७ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मिशिगनचा मासेमारी परवाना लागतो. तो ३१ मार्चला संपतो, तेव्हा एप्रिलमध्ये येताना जुनाच घेऊन येऊ नका. पलीकडचं पाणी कॅनडाचं, तिथे ऑन्टारिओचा परवाना लागतो. आम्ही अमेरिकेच्या बाजूलाच राहतो.

मासा हातात आल्यावर

वॉलआयच्या तोंडात बोट घालू नका, दात तीक्ष्ण असतात. पाठीचे काटे आणि कल्ल्यांच्या कडाही कापतात. जाळ्यातून तो आम्हीच काढून देऊ. ठेवायचा मासा लगेच बर्फात जातो. मांस पांढरं आणि घट्ट असतं. साल आणि मधल्या ओळीतले बारीक काटे काढले की रवा लावून तळायला उत्तम. मात्र या नदीतल्या माशांत पारा आणि पीसीबी (कारखान्यांतली विषारी रसायनं) आढळतात, मोठ्या माशात जास्त. गरोदर बायका आणि लहान मुलांनी किती खावं, ते मिशिगन आरोग्य खात्याच्या ‘ईट सेफ फिश’ पुस्तिकेत पाहून ठरवा. साल आणि चरबी काढल्याने पीसीबी कमी होतात, पारा होत नाही.