मिळकत दुसऱ्याच्या हातात असली तरी हिशेब मागायचा हक्क तुमचाच आहे

आमच्याकडे कायद्याचा सल्ला घ्यायला येणारे बरेच लोक सुरुवातच अशी करतात, "आम्हाला भांडायचं नाहीये हो, फक्त नक्की काय चाललंय ते कळू द्या." वडील गेल्यावर मोठ्या भावाने सगळे कागद स्वतःकडे ठेवलेत, किंवा धंद्यातला पार्टनर दोन वर्षं नफ्याचा विषयच काढत नाही, किंवा आईने भाच्याला कुलमुखत्यारपत्र करून दिलं होतं आणि आता तिच्या जागेवर तिसऱ्याच माणसाचा बोर्ड लागलाय. भांडणं तीन, पण गाभा एकच, एकाने विश्वासाने मिळकत दुसऱ्याच्या हातात दिली आणि ज्याने ती घेतली त्याच्यावर त्या दिवसापासून जबाबदारी आली.

वकील लोक हिला फिड्युशियरी ड्युटी म्हणतात. ट्रस्टचा विश्वस्त, मृत्युपत्र अमलात आणणारा एक्झिक्युटर, कंपनीचा डायरेक्टर, भागीदार, मुखत्यार, अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलाच्या मिळकतीचा पालक, या सगळ्यांवर ती असते. ज्याची मिळकत त्याचं हित आधी बघायचं, त्या पदाचा फायदा घेऊन गुपचूप स्वतःचं भलं करायचं नाही, आणि विचारलं की हिशेब द्यायचा.

हे किती कडक आहे ते बघा. 1726 साली इंग्लंडमध्ये कीच विरुद्ध सँडफर्ड हा खटला झाला. लंडनजवळच्या रॉमफर्डच्या बाजाराचं उत्पन्न भाडेपट्ट्याने होतं आणि तो पट्टा एका लहान मुलासाठी विश्वस्ताकडे होता. मुदत संपत आली तसा विश्वस्ताने मुलाच्या नावे पट्टा वाढवून मागितला, मालक म्हणाला अज्ञान मुलाला देणार नाही, मग विश्वस्ताने तो स्वतःच्या नावावर घेतला. म्हणजे मुलाला तो तसाही मिळणार नव्हता! तरी कोर्टाने सांगितलं की पट्टा मुलाच्या नावे कर आणि मिळालेल्या नफ्याचा हिशेब दे. कारण साधं आहे, अशी सूट एकदा दिली की प्रत्येक विश्वस्त म्हणेल मालकच नाही म्हणाला, मी काय करू.

भागीदारीतही तेच. न्यूयॉर्कमध्ये दोघांनी मिळून एका हॉटेलच्या इमारतीचा 20 वर्षांचा पट्टा चालवला, एक काम बघायचा, दुसऱ्याने पैसे घातले होते. 1922 मध्ये पट्टा संपायला काही महिने उरले असताना काम बघणाऱ्याने आधीपेक्षा खूप मोठा नवीन पट्टा स्वतःच्या कंपनीच्या नावे घेतला आणि पार्टनरला काही कळूच दिलं नाही. 1928 मध्ये तिथल्या वरिष्ठ कोर्टाने, तेही 4 विरुद्ध 3 मतांनी, पार्टनरला नवीन धंद्यात जवळजवळ निम्मा हिस्सा दिला. त्याने निदान सांगायला तरी हवं होतं, कोर्टाचा राग त्या गप्प बसण्यावर होता. आमच्याकडे भागीदारीचे जे वाद येतात त्यातही पैशाच्या आकड्यापेक्षा हे "आपल्याला सांगितलंच नाही" जास्त टोचलेलं असतं, आणि कायदा त्याची दखल घेतो हे लोकांना माहीतच नसतं.

मग समोरच्याने चोरी केली हे सिद्ध करावं लागतं का?

हा प्रश्न सगळेच विचारतात. बहुतेक वेळा नाही लागत. अफरातफरीचा आरोप करायचा तर पुरावा भक्कमच लागतो, तो उगाच करूही नये, पण हिशेब मागण्यासाठी समोरचा लबाड असायची गरज नाही. बोर्डमन विरुद्ध फिप्स या खटल्यात ट्रस्टच्या वकिलाने प्रामाणिकपणे मेहनत घेतली, एका कंपनीचे शेअर घेतले, त्यात ट्रस्टचाही भरपूर फायदा झाला, तरी 1966 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, त्याला स्वतःचा नफा परत द्यायला लावला, कारण ट्रस्टच्या कामात मिळालेली माहिती आणि संधी त्याने स्वतःसाठी वापरली होती आणि सगळ्यांची नीट संमती घेतली नव्हती. मेहनतीचा मोबदला मात्र सढळ हाताने दिला. आम्हालाही हा निकाल पहिल्यांदा वाचताना कठोर वाटला होता, पण ज्यांची मिळकत दुसऱ्याच्या हातात आहे अशी माणसं रोज समोर बसतात तेव्हा तो पटतो.

आणि ज्याने हिशेब ठेवायचा त्यानेच ठेवला नाही तर साधारणपणे शंकेचा फायदा त्याला मिळत नाही. एक उदाहरण सांगतो, ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत. एक ताई भावाने दिलेली वही घेऊन आल्या, तीन वर्षांचं भाडं आणि खर्च त्यात लिहिला होता. वही बघताना आमच्या लक्षात आलं की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शाई एक, अक्षर एका लयीत, कुठे खाडाखोड नाही, आणि "दुरुस्ती" हा शब्द अकरा वेळा पण पावती एकही नाही. रोजची वही अशी दिसत नाही, ही एका बैठकीत लिहिलेली होती. आम्ही नोटीस पाठवून फक्त बँकेचे उतारे आणि पावत्या मागितल्या. कोर्टात जायची वेळच आली नाही, दोघं मध्यस्थासमोर बसले आणि वाटणी झाली.

मृत्युपत्राच्या वादात मात्र प्रश्न वेगळा येतो, सही करताना त्या माणसाला समज होती का. 1870 च्या बँक्स विरुद्ध गुडफेलो निकालातली कसोटी आजही बऱ्याच देशांत चालते, आपण काय करतोय, आपल्याकडे काय काय आहे आणि आपल्यावर कोणाचा हक्क पोचतो हे त्याला कळत होतं का. नुसतं वय झालं होतं किंवा आजारी होते एवढ्याने मृत्युपत्र रद्द होत नाही, त्यामुळे त्या काळातले डॉक्टरांचे कागद आणि साक्षीदार फार महत्त्वाचे.

कंपनीत कमी शेअर आहेत म्हणून गप्प बसणारेही खूप भेटतात. घरच्यासारखी चालवलेली छोटी कंपनी असेल, सगळे मिळून काम करू या समजुतीवर उभी राहिलेली असेल आणि बहुमताच्या जोरावर एकाला बाहेर काढलं असेल तर कोर्ट ती समजूतही बघू शकतं. 1972 मध्ये इंग्लंडमध्ये अशा एका गालिच्यांच्या कंपनीचं कामकाज कोर्टाने बंद करायला लावलं.

एका गोष्टीची आम्हाला खरंच काळजी वाटते, ती म्हणजे उशीर. दाव्याला मुदत असते, ती देशाप्रमाणे आणि दाव्याच्या प्रकाराप्रमाणे बदलते, आणि नात्यात कटुता नको म्हणून लोक वर्षानुवर्षं थांबतात, तेवढ्यात जागा विकली जाते, कागद हरवतात, साक्षीदार जातात. हिशेब मागणं म्हणजे नातं तोडणं नाही. साध्या भाषेत, तारीख घालून, लेखी मागा आणि प्रत जवळ ठेवा. मिळकत विकली जाईल अशी भीती असेल तर वाट बघू नका, विक्री थांबवणारा कोर्टाचा मनाई हुकूम मागता येतो का ते आधी तपासू.

पहिल्या भेटीला मूळ कागद आणू नका, झेरॉक्स आणा आणि त्यावर पेनाने खुणा करू नका. मेसेज डिलीट करू नका, रागात लिहिलेले तुमचे स्वतःचे मेसेजही नाही. कधी काय झालं ते आठवेल तसं एका कागदावर तारखांसकट लिहून आणा, तारीख नक्की आठवत नसेल तर "पावसाळ्याच्या आसपास" असं लिहिलं तरी चालेल, बाकीचं आपण समोर बसून जुळवू.