प्रोसेसर 'नाही' म्हणतो तेव्हा

२०१९ च्या दिवाळीची आवराआवर चालू असताना माझ्या आत्येभावाला माळ्यावर २००४ सालचा लॅपटॉप सापडला. पेंटियम एम प्रोसेसर, एक जीबी रॅम, बॅटरी कधीच मेलेली, पण चार्जर लावला की चालू होणारा. मुलीला मराठी टायपिंग आणि थोडं पायथन शिकायला एवढं पुरेल, असा त्याचा हिशेब. "दादा, यावर लिनक्स टाकून देतोस का?"

लुबुंटू १८.०४ या हलक्या लिनक्सची ३२ बिटांची आवृत्ती डीव्हीडीवर उतरवली, लॅपटॉप सुरू केला, मेनूतून इन्स्टॉल निवडलं. काही सेकंदांत काळ्या स्क्रीनवर दोन वाक्यं उमटली. या कर्नलला (कर्नल म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) लागणारी पीएई ही सोय तुमच्या प्रोसेसरमध्ये नाही. योग्य ते कर्नल वापरा. आणि सगळं ठप्प.

"गेला म्हणजे भंगारात," आत्येभाऊ म्हणाला.

भंगारात जायचं काही कारण नव्हतं. प्रोसेसर धडधडीत खोटं बोलत होता.

हे खोटं कुठून आलं ते कळायला बूट होताना, म्हणजे यंत्र सुरू होताना, काय घडतं ते पाहावं लागेल. बटण दाबताच पीसीचा प्रोसेसर जागा होतो तो १९७८ सालच्या ८०८६ या पूर्वजाच्या थाटात, १६ बिटांत. त्याला डिस्क म्हणजे काय, कीबोर्ड म्हणजे काय, काहीही ठाऊक नसतं. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेलं बायोस त्याला हाताला धरून चालवतं आणि हार्ड डिस्कवरचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा वाचून देतं. त्यातही ६४ बाइट पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या भागांच्या, तक्त्याला आणि शेवटचे २ खुणेला जातात. उरले ४४६. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत एका देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात, तेव्हा एवढ्या जागेत दीडशे चिन्हंही मावणार नाहीत. एवढासा प्रोग्रॅम आपल्याहून मोठ्या प्रोग्रॅमला उठवतो, तो ग्रबसारख्या बूटलोडरला, आणि बूटलोडर कर्नलला.

कर्नल येतं ते परक्या घरी उतरलेल्या पाहुण्यासारखं. कुठे काय ठेवलंय हे त्याला विचारूनच घ्यावं लागतं. प्रोसेसरला विचारण्यासाठी 'सीपीयूआयडी' नावाची एक सूचना आहे. तिच्या उत्तरातला एकेक बिट म्हणजे एकेका सोयीबद्दलचं हो किंवा नाही. बाकीच्या यंत्राबद्दल बायोसने मांडून ठेवलेले तक्ते वाचायचे. नवीन यंत्रांवर ही प्रश्नोत्तरं सहसा बिनबोभाट पार पडतात. जुन्या यंत्रांची उत्तरं कधी अर्धवट असतात, कधी चुकीची. बूट पर्याय म्हणजे कर्नलच्या कानात आपण सांगितलेली गोष्ट: या एका बाबतीत यंत्राचं ऐकू नकोस, माझं ऐक.

आता पीएई. ३२ बिटांच्या पत्त्याने ४ जीबीच्या पलीकडची मेमरी गाठता येत नाही. १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये इंटेलने पत्ता ३६ बिटांचा करायची सोय दिली आणि मर्यादा ६४ जीबीवर गेली. ही सोय म्हणजे पीएई. आमच्या एक जीबीच्या लॅपटॉपला तिचा काडीचा उपयोग नव्हता. पण मेमरीच्या एखाद्या भागातून प्रोग्रॅम चालूच द्यायचा नाही, अशी सुरक्षेची खूण ३२ बिटांत वापरायची तर पीएईच्याच धाटणीचे पानांचे तक्ते (मेमरीचा कुठला तुकडा कुठे आहे याच्या याद्या) लागतात. म्हणून उबुंटूच्या गोतावळ्याने (लुबुंटू त्यातलंच) २०१२ च्या सुमारास पीएई नसलेली कर्नलं देणं बंद केलं.

पेंटियम एम २००३ मध्ये आला. त्याच्या सुरुवातीच्या बऱ्याच चिपांमध्ये पीएई होतं आणि चालतही होतं. सीपीयूआयडीच्या उत्तरात मात्र त्याचा बिट शून्य. शिधापत्रिकेवर नाव नाही म्हणून घरातल्या माणसाला धान्य नाकारावं, तसलाच प्रकार. २०१४ मध्ये लिनक्समध्ये यासाठी खास पर्याय आला, 'फोर्सपीएई'. तो दिला की कर्नल बिटाकडे काणाडोळा करून सोय आहे असं धरतं आणि कामाला लागतं. पण गुपचूप नाही. पीएई जबरदस्तीने चालू केलं, अशी नोंद करतं आणि स्वतःवर 'टेंटेड' असा शिक्का मारून घेतं. बाटलेलं! पुढे काही बिघाड झाला आणि तुम्ही तक्रार घेऊन गेलात, तर तपासणाऱ्याला कळावं की इथे प्रोसेसरच्या सांगण्याविरुद्ध काहीतरी केलेलं आहे. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

सगळ्यांत जास्त लोक अडकतात ते मात्र पीएईवर नाही, काळ्या स्क्रीनवर. मेनू नीट दिसतो, इन्स्टॉल म्हटलं की अंधार. अशा वेळी आधी कॅप्स लॉक दाबून पाहावं. दिवा लागतो-विझतो आहे? मग कर्नल जिवंत आहे, नुसतं चित्र हरवलंय. दिवा आपोआप, एका लयीत लुकलुकतोय? मग बहुधा कर्नल पॅनिक, म्हणजे प्रकरण गंभीर. चित्र हरवण्याचं कारण असं की २००९ च्या सुमारापासून स्क्रीनचं रेझोल्यूशन ठरवायचं काम कर्नलने हळूहळू स्वतःकडे घेतलं. जुन्या ग्राफिक्स चिपांची पुरेशी माहिती दर वेळी हाती असतेच असं नाही. एनव्हिडियाच्या चिपांसाठीचा 'नूवो' हा मुक्त ड्रायव्हर तर मुख्यतः चिपांचं वागणं बाहेरून न्याहाळून, उलटा माग काढत लिहिलेला. अंदाज चुकला की अंधार. 'नोमोडसेट' लिहिलं की कर्नल त्या भानगडीत पडत नाही, बायोसने लावून दिलेलं साधं चित्र चालवून घेतं. इन्स्टॉल करण्यापुरतं ते ठीक. कायमचं ठेवलं तर खिडकी सरकवतानाही यंत्राला धाप लागते, कारण चित्र काढायचं सगळं ओझं प्रोसेसरवर येतं.

आणि कुठलाही पर्याय देण्याआधी, तो ज्या ओळीत लिहायचा त्या ग्रबच्या ओळीतले 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे दोन शब्द पुसून टाकावेत. शोभेच्या चित्रामागे कर्नल भराभरा सांगत असतं की आता काय शोधतोय, काय सापडलं. शेवटची ओळ कुठे थांबली, हे रोगनिदानातलं अर्धं काम. ग्रबमध्ये इंग्रजी 'ई' दाबली की मेनूतली ओळ बदलता येते, कंट्रोल-एक्सने ती चालवायची.

ती शेवटची ओळ एसीपीआयबद्दल असेल तर मामला जरा गमतीचा. डिसेंबर १९९६ मध्ये आलेल्या या मानकानुसार पंखा, बॅटरी, झोप, इंटरप्टची (उपकरणांनी प्रोसेसरला मारलेल्या हाकांची) वाटणी या सगळ्याची माहिती बायोसमधल्या तक्त्यांत असते, आणि तक्ते म्हणजे छोटे प्रोग्रॅमच असतात. लॅपटॉप कंपन्यांनी ते बहुधा विंडोजवर चालतात एवढंच पाहिलेलं. त्यातले काही प्रोग्रॅम विचारतातही, 'तू विंडोजची अमुक आवृत्ती आहेस का?' लिनक्स बेधडक हो म्हणतं. 'तू लिनक्स आहेस का?' या प्रश्नाला २००७ पासून ते सहसा नाही म्हणतं, कारण लिनक्ससाठी लिहिलेली वाट कोणी धड तपासलेलीच नसायची! तेव्हा थापा मारण्याचं खापर एकट्या यंत्रावर फोडता येणार नाही.

'एसीपीआय=ऑफ' हा पर्याय लोक डोळे मिटून देतात. मला तो पटत नाही. त्याने यंत्र सुरू होईलही, पण बॅटरी किती उरली ते दिसणार नाही, बंद करताना वीज आपोआप तुटणार नाही, आणि पंख्याचं काय होईल याचा नेम नाही. त्याआधी 'नोएपिक' देऊन पाहावं. त्याने फक्त इंटरप्टची नवी वाटणी बाजूला राहते आणि जुनी पद्धत वापरली जाते.

काही अडचणी मात्र कर्नलपर्यंत पोचतच नाहीत. इंटेलच्या बे ट्रेल पिढीच्या स्वस्त टॅब्लेटांत आणि छोट्या लॅपटॉपांत प्रोसेसर ६४ बिटांचा, पण बायोसच्या जागी आलेलं यूईएफआय ३२ बिटांचं. पेनड्राइव्हवर ३२ बिटांची बूट फाइल नसेल तर त्याच्या लेखी पेनड्राइव्ह कोराच. कर्नलला कितीही पर्याय द्या, ते अजून उठलेलंच नाही! डेबियन या लिनक्सने २०१५ च्या आठव्या आवृत्तीत अशा जोडीची सोय केली. त्याहून जुन्या यंत्रांत बायोसला १३७ जीबीच्या पुढची डिस्क दिसत नाही, कारण पत्ता २८ बिटांचा. कर्नल एकदा चालू झालं की स्वतःच्या ड्रायव्हरने पुढचं वाचतं, पण त्याची फाइलच पलीकडे पडली असेल तर उठवणार कोण? म्हणून बूटचं छोटं पार्टिशन डिस्कच्या सुरुवातीला ठेवायचं. आणि मदरबोर्डवरचा बटणसेल संपला असेल तर आधी तारीख लावा. नाहीतर पॅकेजांच्या सह्या भविष्यातल्या वाटतात आणि अपडेट होत नाही.

आमच्या लॅपटॉपला 'फोर्सपीएई' दिला आणि इन्स्टॉलेशन सुरळीत झालं. डीव्हीडी काढली, पुन्हा सुरू केला, तर पुन्हा तीच दोन वाक्यं. चूक माझी. इन्स्टॉलरला दिलेला पर्याय इन्स्टॉलरपुरताच असतो. ओळीच्या शेवटी तीन आडव्या रेघा असतात, त्यांच्या पुढे लिहिलेलं तेवढं नव्या सिस्टीममध्ये उतरतं. मग शिफ्ट दाबून ग्रबचा मेनू आणला, तिथे पर्याय लिहिला, आत गेल्यावर ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये घातला आणि 'अपडेट-ग्रब' चालवलं.

पुतणीला मग प्रोसेसरच्या सोयींची यादी कशी काढायची ते दाखवलं. तिने बोट फिरवत ती वाचली.

"काका, इथे तर पीएई लिहिलंय. मग मघाशी नाही का म्हणत होता?"

"ते त्याने नाही लिहिलेलं. आपण लिहायला लावलंय."

'टेंटेड' शिक्क्याची फाइलही तिला उघडून दाखवली. नेहमी तिथे शून्य असतो. आमच्या फाइलमध्ये ४ होता.