दफनटेकाडाचे उत्खनन

प्रागैतिहासिक काळात दफनाच्या जागेवर माती, दगड किंवा गवतासकट कापलेली ढेपे रचून केलेला गोलसर उंचवटा म्हणजे दफनटेकाड. युरोप व मध्य आशियातील शेतांत आणि कुरणांत नवाश्मयुग व कांस्ययुगातील अशी टेकाडे पुष्कळ आहेत. एकाच टेकाडात बहुधा अनेक दफने असतात आणि काही तर शेकडो वर्षांनी घातलेली असतात. त्यामुळे मधले थडगे गाठण्याची घाई केली की रचनेचा क्रम कायमचा हातचा जातो.

पूर्वी माथ्यावरून खड्डा किंवा कडेने बोगदा खणून थेट मध्य गाठत. इंग्लंडमधल्या सिल्बरी हिल या सुमारे ४० मीटर उंच टेकाडात १७७६ मध्ये खड्डा, तर १८४९ मध्ये बोगदा खणला गेला. दफन मिळाले नाहीच. २००० साली त्या जुन्या खड्ड्याचे तोंड खचले आणि २००७-०८ मध्ये आतल्या पोकळ्या खडूच्या दगडाच्या भरावाने बुजवाव्या लागल्या.

डच पुरातत्त्वज्ञ आल्बर्ट व्हान गिफन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ केलेली चतुर्थांश पद्धत आजही वापरात आहे. आधी टेकाडाचा समोच्च नकाशा (समान उंचीच्या रेषा दाखवणारा) काढतात. मग काटकोनात छेदणाऱ्या दोन रेषांनी त्याचे चार भाग पाडून मध्ये अर्धा ते एक मीटर रुंदीचे न खणलेले बांध ठेवतात. समोरासमोरचे दोन भाग आधी खणायचे. बांध रेषेच्या एकाच अंगाला न ठेवता मध्यापाशी बाजू बदलतात, म्हणजे दोन्ही अक्षांवर टेकाडाचा सलग छेद मिळतो. खणणे परिघाबाहेरच्या खंदकापर्यंत न्यावे लागते. कारण टेकाडाची माती बहुधा त्या खंदकातूनच काढलेली असते.

छेदाचे रेखाटन माती ओलसर असतानाच करावे. वाळली की ढेपांमधल्या काळपट रेषा दिसेनाशा होतात. तेव्हा पाणी फवारून थापीने पृष्ठभाग पुन्हा खरवडतात. वालुकामय मातीत उंच बांध ढासळतो, म्हणून रेखाटून झालेला वरचा भाग टप्प्याटप्प्याने उतरवतात. मुख्य दफन पुष्कळदा नेमके बांधांच्या चौकाखाली असते. तरीही बांध शेवटीच काढायचे.

सर्वाधिक घोटाळा जुन्या लुटारूंच्या खड्ड्यांमुळे आणि प्राण्यांच्या बिळांमुळे होतो. त्यांतली माती भुसभुशीत व मिश्र रंगाची असते. ती आधी वेगळी काढून तिच्यातील वस्तू स्वतंत्र पिशवीत ठेवल्या नाहीत, तर बिळातून तळाशी गेलेले खापर टेकाड बांधणाऱ्यांच्या खाती जमा होते.

टेकाडाखाली दबलेली मूळ जमीन थडग्याइतकीच मोलाची. तिच्यात नांगराचे ओरखडे टिकतात आणि परागकणांवरून त्या वेळची झाडी कळते.

आम्लधर्मी मातीत हाडे विरघळून कधी शरीराच्या आकाराचा डागच उरतो. डेन्मार्कमधल्या एगत्वेद येथे १९२१ मध्ये उघडलेल्या ओकच्या शवपेटीत तरुणीची लोकरी वस्त्रे, केस व दात टिकले होते, हाडे मात्र गेली होती. तिचे दफन सुमारे इ.स.पू. १३७० मधले, हे पेटीच्या लाकडातील वाढीच्या वलयांवरून ठरले. कोळशाच्या कार्बन कालमापनात मात्र जपून वागावे लागते: जुन्या वृक्षाच्या गाभ्यातला तुकडा दफनाचा काळ शतकभर मागे ढकलू शकतो, म्हणून बारीक डहाळ्या किंवा जळालेली हाडे पसंत करतात.